दुसऱ्याच्या गाठीला हात

परांची बांधणारी बाई दिसली की लोक आधी तिच्या मागे बघतात. मागून कुणीतरी पुरुष येत असणार, ही नुसती बांबू वाहणारी असणार, असा त्यांचा समज. विंझरला एका दुमजली घराच्या गिलाव्यासाठी मी गेले, तेव्हा घरमालकाने पाणी दिलं, बसायला पोतं दिलं आणि विचारलं, "बांधणारे कवा येणार?" मी म्हटलं, "आल्यात की. पाणी पित्यात." त्यांना ते कळायला जरा वेळ लागला. मग ते उगाच हसले आणि आत जाऊन बायकोला बोलावून आणलं, बघायला.

मला अशा वेळी राग येतो आणि तो मी लपवत नाही. पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी असतं. हे काम मला माझ्या सासऱ्यांकडून आलं आणि ते ज्या रीतीने आलं ती सांगण्यासारखी नाही. आज सांगते आहे, कारण आबांना जाऊन आता तीन पावसाळे झाले आणि माझ्या नवऱ्याखेरीज ते पुरतं कुणालाच माहीत नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. घरात आणि सगळ्या वस्तीत त्यांना आबाच म्हणत. आमची वस्ती वेल्ह्याकडच्या एका गावाच्या कडेला, पंधरा-वीस उंबऱ्यांची, मधोमध विहार. लग्न होऊन मी आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. नवरा नसरापूरजवळ एका कंपनीत पाळीवर जाई, तो कधी घरात असे तर झोपलेला. आबा परांची बांधत आणि गिलावाही करत. त्यांचा जुना जोडीदार पुण्याला लेकीकडे राहायला गेला, तेव्हा बांबू हातात द्यायला कुणी उरलं नाही. मी म्हटलं, मी येते. आबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारावी झाल्याली सून आन् बांबू उचलणार? लोकं मला हासतील." मी म्हटलं, "हासू द्या. हासून दमली की घमेलं धरायला बोलावू." ते मनापासून हसले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेले.

आबांनी मला कधी शिकवलं नाही. ते काम करत आणि स्वतःशी बोलत, ते मी ऐकत गेले. बांबू आणला की आधी दगडावर आपटायचे. धड बांबू खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की तो बाजूला, मग मालक कितीही म्हणो की नवा आहे. उभ्या बांबूला हातभर खड्डा, आणि आमच्याकडे भातखाचरांची मऊ माती म्हणून खड्ड्याच्या तळाला सपाट दगड. त्याच्याशिवाय बांबू रोज बोटबोट खाली जातो आणि वरच्या माणसाला कळत नाही. उभे झाले की आडवे, आडवे झाले की तिरपे. तिरपे बांबू लोक वाचवायला बघतात, आबा त्याच्यासाठी भांडत. जिथे खिडकी असेल तिथे आतून एक आडवा बांबू घालून सगळी परांची घराला बांधायची. फळ्या जोडीने टाकायच्या, टोकं वीतभर बाहेर, त्याहून जास्त नाही, आणि दोन्ही टोकं बांधायची. न बांधलेल्या फळीच्या टोकावर पाय पडला की ती उलटते. कमरेएवढा कठडा. शिडी वेगळी बांधलेली. वर चप्पल नाही, आणि एका फळीवर दोनाहून जास्त घमेली नाहीत.

"वरच्यानं भित बगायची," ते म्हणत. "त्येला पायाखाली बगाया लागलं, म्हंजी बांदणाऱ्याचं चुकलं."

या सगळ्यांत दोन गोष्टी अशा होत्या की त्यांच्यापुढे आबा कुणाचं ऐकत नसत. पहिली म्हणजे, ज्यानं बांधली त्यानं आधी चढायचं. प्रत्येक मजल्याच्या फळीवर उभं राहून तीनदा पाय आपटायचा, मगच खालच्यांना हाक मारायची. दुसरी म्हणजे, दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. एखादी गाठ खटकली तर ज्याची आहे त्याला सांगायचं, तोच येऊन ती सोडील आणि पुन्हा बांधील. न सांगता कुणाची गाठ आवळणं म्हणजे त्याला भरल्या लोकांत नालायक म्हणणं. यावरून आबा आणि त्यांच्या जोडीदारात एकदा चार महिने अबोला होता, असं मी ऐकलं होतं.

मी ती दुसरी गोष्ट दोन वर्षं मोडली.

पासलीत एका घराच्या भिंतीचं काम होतं. आम्ही दिवसभर बांधलं. आबांची रीत अशी की काथ्या भिजवून घ्यायचा, म्हणजे तो वळायला बरा पडतो. संध्याकाळपर्यंत बांधून व्हायचं, रात्रभर काथ्या वाळू द्यायचा, सकाळी आबा चढून बघणार आणि मग काम सुरू. त्या संध्याकाळी आबा एसटीच्या थांब्याकडे पुढे गेले आणि मी थापी, घमेली धुवायला मागे थांबले. हात पुसायला म्हणून आडव्या बांबूला टेकले, तर माझं बोट वेढ्याखाली गेलं. अख्खं बोट. आबांच्या गाठीखाली नख जात नसे, हे मला माहीत होतं. मी दुसरी गाठ पाहिली. तिसरी पाहिली. वेढे बरोबर होते, तीन बाहेरून, दोन मधून, शेवटची गाठही बरोबर होती. फक्त ओढ नव्हती. दोरी दिसायला बांधलेली आणि आतून मोकळी.

तेव्हा मला बाकीचं आठवलं. आबा चहाचा गरम पेला सरळ मुठीत धरत, तव्यावरची भाकरी बोटांनी उलटत. मी त्यांना म्हणायची, "आबा, तुमची बोटं हायती का पकड?" आणि तेही खूश होत. साखर होतीच त्यांना. सिमेंटात गेलेली चाळीस वर्षंही होती. त्यांच्या बोटांना कळणंच थांबलं होतं. दोरी किती ओढली हे हाताला समजत नव्हतं, आणि हाताने सांगितल्याखेरीज आबा दुसऱ्या कुणाचं मानणार नव्हते.

मी काय करायला पाहिजे होतं ते मला आज चांगलं माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. थांब्यावर जायचं आणि म्हणायचं, आबा, गाठी ढिल्या आहेत. तेवढं झालं नाही. मी एकामागून एक सगळ्या गाठी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या, घाईघाईने, कुणी बघत नाही ना हे बघत. एसटी चुकली. आबा थांब्यावर चिडून बसले होते. "घमेली धुवाया एवढा येळ?" मी म्हटलं, "लई चिकाटलं हुतं." सकाळी त्यांनी वर चढून तीनदा पाय आपटला आणि खाली बघून म्हणाले, "चढा. जिमिनीगत हाय."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "तू सांग त्यास्नी," तो म्हणाला, "तू रोज संगं असती." मी म्हटलं, "वडील कुणाचे?" तो म्हणाला, "म्हणून तर." त्याचं खरं होतं. सासूबाई गेल्यावर आबा सहा महिने कुणाशी बोलले नव्हते, पुन्हा माणसात आले ते या कामामुळे. ते काढून घेतलं तर त्या माणसापाशी काय उरणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. एकमेकांवर ढकलत आम्ही दिवस काढले, आणि मी संध्याकाळी मागे थांबत राहिले.

माझा हात त्यात चांगला बसला. अर्ध्या तासात मी वीसेक गाठी सोडून बांधायची, त्याही आबांच्याच पद्धतीने, म्हणजे सकाळी त्यांना परकं वाटू नये. लोक आबांची तारीफ करत. भोरच्या बाजूचं एक काम संपलं तेव्हा तिथला मिस्त्री म्हणाला, "आबा, या वयात असं बांधणारा माणूस या भागात न्हाई." आबा त्या दिवशी घरी येताना एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही ते सांगत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला बरंही वाटत होतं आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी असंही वाटत होतं, कुणाच्या ते कळत नव्हतं.

माझी खरी चूक पुढेच आहे. मी आबांना सांभाळते आहे असं मला वाटत होतं. पण माझ्या गाठींमुळे आबांना त्यांचे हात शाबूत वाटू लागले. आधी ते वय झालं म्हणून उंच कामं टाळायला लागले होते. आता ते पुन्हा दुमजली भिंती घ्यायला लागले. दर सकाळी तीनदा पाय आपटायचा आणि खाली काही हलायचं नाही, मग माणसाने काय समजायचं? रोज संध्याकाळी मी त्यांना थोडं थोडं वर ढकलत होते.

अशी दोन वर्षं होत आली आणि बुद्धपौर्णिमेच्या आधी विहाराला रंग द्यायचा ठरलं. आदल्या पावसाळ्यात पुढच्या भिंतीचा खालच्या अंगाचा गिलावा गेला होता, तो आबांनी करायचा आणि वरच्या अंगाला रंगाऱ्याने रंग द्यायचा. विहाराची पहिली भिंत उभी राहिली तेव्हाची परांची आबांनीच तरुणपणी बांधलेली. सगळी वस्ती श्रमदानाला उतरली होती. बायका पोहे करत होत्या, म्हातारे खुर्च्या टाकून सूचना देत होते, कुणीतरी मोबाईलवर गाणी लावली होती. आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. मी म्हटलं, "आबा, सदरा खराब हुईल." ते म्हणाले, "हितं नाय घालायचा तर कुठं घालू?"

इतके हात असल्यामुळे बांबू भराभर वर गेले. जे काम संध्याकाळपर्यंत चालायचं ते सकाळी अकरालाच संपलं. मी बांबू देता देता खालच्या रांगेतल्या चार-पाच गाठी उरकून घेतल्या होत्या, त्याहून जास्त जमलं नव्हतं. एवढ्या माणसांत मागे थांबणार कशी? आणि तेवढ्यात रंगारी गाडीवरून आला. त्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं, आजच एक हात मारून घेतो म्हणाला.

"चढून दावतो," आबा म्हणाले. "मग तुमी चढा."

मी पुढे झाले. "आबा, उद्याच्याला. काथ्या वाळू द्या की."

"ऊन बग. आत्ताच वाळंल."

"तरी बी. रीत मोडू नगा."

म्हातारे हसले. एक जण म्हणाला, "सुनेला सासऱ्याची काळजी लई हाय बरं." आबाही हसले. मी शिडीवर पाय ठेवला आणि म्हटलं, "मग आदी म्या जाते."

आबांचं हसू गेलं. "बांदली कुणी?"

"तुमी."

"मग?"

माझ्याकडे आता एकच वाक्य उरलं होतं. सगळी वस्ती समोर होती. त्यांच्या वयाची माणसं होती, त्यांनी ज्यांना हाताला धरून काम शिकवलं ती माणसं होती, पोरं होती, मी होते, त्यांची सून. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, अगदी शब्दांसकट. मी पाय शिडीवरून खाली घेतला. एवढंच केलं मी. कित्येकदा मनात म्हणते की मी गोंधळले, मला वेळ मिळाला नाही. वेळ होता. मी लाजले, त्यांच्या वतीने लाजले, आणि बाजूला झाले.

आबा चढले. पहिल्या मजल्यावर तीनदा पाय आपटला, काही झालं नाही. मी खालचा उभा बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते, जणू त्याने काही होणार होतं. ते दुसऱ्या मजल्यावर गेले. सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या. एकदा पाय आपटला. दुसऱ्यांदा आपटला. तिसऱ्याला भिंतीलगतच्या आडव्या बांबूचं एक टोक खाली सरकलं, सावकाश, वेढ्यातून निसटत. काही मोडल्याचा आवाज आला नाही. फळी कलंडली. आबांनी कठडा धरला. कठडाही त्यांनीच बांधलेला होता.

खाली पडल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं, "वर आनिक कुणी न्हाई ना?"

टेम्पोत गादी टाकून त्यांना नसरापूरला नेलं, तिथून पुण्याला. खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन दिवसांनी शुद्धीत नीट बोलायला लागले तेव्हा नवरा आणि मी दोघंही खाटेशेजारी होतो. त्यांनी विचारलं, "कंची गाठ सुटली?"

मी म्हटलं, "गाठ न्हाई आबा. फळी मोडली."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग फरशीकडे पाहत राहिला. वस्तीतले लोक भेटायला आले त्यांना मी बाहेर व्हरांड्यात गाठून तेवढंच सांगितलं, आबांना असं सांगितलंय. कुणी एक प्रश्न विचारला नाही. सगळे आत जाऊन म्हणाले, फळीनं घात केला. रंगारीसुद्धा म्हणाला. त्या माणसांचा मला इतका आधार वाटला, की आपण काय करून ठेवलं आहे ते दिसलंच नाही.

आबा अंथरुणाला खिळले आणि ती फळी त्यांच्या डोक्यात बसली. गाठ सुटली असं सांगितलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं किंवा नसतं, पण विषय तिथे संपला असता. फळी मोडली म्हणजे ती निवडताना आपली नजर चुकली, असं त्यांनी धरलं. "भितीकडची का भाईरची?" मी म्हटलं, बाहेरची. "ती आंब्याची. ती म्या पाच वर्सं वापरली. तिला गाठ न्हवती, चीर न्हवती. कशी मोडली?" दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आडवी मोडली का उबी फाटली?" मी म्हटलं, आडवी. "आडवी कशी मोडंल?" रंगारी चढला असता तर त्याचा जीव गेला असता, हे ते रोज एकदा म्हणत. मी त्यांना जेवू घालायची, कूस बदलून द्यायची, अंग पुसायची, आणि रोज त्या फळीचं एक नवं खोटं सांगायची. उन्हाळा गेला, पाऊस गेला, भाताची कापणी झाली. त्यांची जेवणावरची वासना उडाली होती. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाने उमेद धरली पाहिजे. आबांनी फळी धरली होती.

मग त्यांनी मागणी सुरू केली. "ती फळी आन. मला बगू दे." मी म्हटलं, चुलीत घातली. "आख्खी फळी कोण चुलीत घालतंय? ऱ्हायली असंल कुठं तरी." ते नवऱ्याला सांगू लागले, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. एका दुपारी तर माझ्या हाताचा घास त्यांनी बाजूला सारला. "फळी आनल्याबिगर न्हाई."

मी घराच्या मागे गेले. फळ्या पडवीत रचून ठेवल्या होत्या, सगळ्या धड. आंब्याची बाहेरची फळी मी ओळखली. ती ओढ्यापर्यंत खांद्यावर नेली, दोन दगडांवर आडवी टाकली आणि तिच्यावर उडी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. आबांनी निवडलेली फळी होती ती, नुसती लवली आणि मला वर फेकून दिलं. मी रडत होते की तिला शिव्या देत होते ते सांगता येणार नाही, दोन्ही असेल. शेवटी दोन्ही हातांनी धोंडा उचलून मधोमध टाकला. तिसऱ्या धोंड्याला ती मोडली. दोन्ही तुकडे पोत्यात गुंडाळून मी घरी आणले.

आबांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी एक तुकडा मांडीवर घेतला. मोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, पण अंगठ्याला काही कळणार नव्हतं, म्हणून तो तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. मग नाकाजवळ. लाकूड आतून पिवळंधमक होतं. वास मलाही येत होता, इतका ताजा. वरच्या अंगाला धोंड्याचा पांढरा ठोका उमटला होता, तो मी पुसायचा विसरले होते, आणि पुसून जाण्यासारखा तो नव्हताही. आठ महिने मोडून पडलेल्या फळीचं टोक काळं पडतं, त्याला माती लागते, कीड लागते. हे लहान पोरालाही कळेल, आणि मी ते आबांसमोर धरलं होतं.

त्यांनी तुकडा खाली ठेवला.

"चांगली फळी हुती," ते म्हणाले. "कशापायी मोडलीस?"

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. माझं बोट वेढ्याखाली गेलं तिथपासून. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "विंझरचं दुकान?"

"ते म्या बांदलं, आबा."

"भोरकडचं ते काम? मिस्त्री म्हनला व्हता ते?"

"व्हय."

"साळंची भित?"

"ती बी."

त्यांनी दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट पाहिले. मला वाटलं आता ओरडतील, न सांगता गाठीला हात लावलास म्हणून. मला ते हवं होतं. त्यांनी हात पुन्हा गोधडीवर ठेवले.

"पासलीच्या आदी आपण काय बांदलं हुतं गं?"

मला आठवायला वेळ लागला. मोठं काम काही नव्हतं. डोंगराच्या अंगाला एका वाडीत म्हशींचा गोठा होता, त्याच्या मागच्या भिंतीला गिलावा केला होता. दीड पुरुष उंची, एकच मजला, बारा-पंधरा गाठी असतील.

"गोठ्याची भित," मी म्हटलं.

"ती माजी?"

त्या गाठी मी कधी तपासल्या नव्हत्या. तपासायचं तेव्हा मनातही आलं नव्हतं. तेव्हा त्या ढिल्या होत्या की घट्ट, हे मला आजही सांगता येणार नाही. मला फक्त एवढं माहीत होतं की त्या फळीवर दिवसभर आबा उभे होते आणि भरलेली घमेली घेऊन मी खालीवर करत होते.

"तुमचीच," मी म्हटलं. "म्या चढले हुते की तिच्यावर. काय बी झालं न्हाई मला."

आबांनी मान हलवली. माझ्या हातातलं ताट जवळ ओढलं आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला.